नगाऱ्याच्या खोलीत अनवाणी

मंडळी, दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून लिहितेय.

कोल्हापूरच्या इतिहासाचं जे प्रदर्शन मी मांडतेय, त्यात मंद उजेडाची एक खोली आहे. जमीन लाकडी फळ्यांची, आणि आत फक्त एक नगारा आणि त्याचा आवाज. आज पेठ वडगावहून कर्णबधिर मुलं येणार होती. त्यांना इथं काय मिळणार, या काळजीनं मी भिंतभर मजकूर लावला होता. मला घरी शिकवताना आई म्हणायची, समोरच्याला पोचलं का ते आधी बघ.

दारातून मुलांना नगारा दिसला आणि देवळात काढतात तशा त्यांनी चपला काढल्या. मी सांगितलं नव्हतं. पहिला ठोका पडला तशी सगळी जागच्या जागी थांबली. मजकुराकडं कुणी बघितलंही नाही. एक मुलगी तर फळ्यांवर गाल टेकून आडवी झाली.

मग भराभर खुणा सुरू झाल्या. त्यांचे सर हसले. "ताई, पोरं म्हणत्यात जमीन बोलतीया. चपला घालून तुमास्नी काय कळणार हाय?"

मी चपला काढल्या. ठोका तळव्यांतून थेट छातीत आला. इतके महिने हाच नगारा मी नुसता कानांनी ऐकत होते.

उद्यापासून सगळ्यांनाच चपला दारात काढायला सांगावं म्हणते. तुम्ही काढाल ना?