जपानी मारामारीचे पंच

मला त्या मुलीचा राग होता, आणि तो अजून पुरता गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते. तिने माझं काही वाईट केलं नव्हतं. उलट पहिल्याच दिवशी तिने मला वासाचा खोडरबर दिला होता, आणि मी तो घेतलाही. खोडरबर घेतला म्हणून राग जातो असं थोडंच आहे.

आम्ही राहुरीला विद्यापीठाच्या कॉलनीत राहायचो. अण्णा, म्हणजे माझे वडील, तिथल्या शेतीवर मुकादम होते. त्यामुळे आमच्या दोन खोल्या मागच्या लाइनीत, आणि पुढे साहेब लोकांचे बंगले. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर कधीतरी त्यातल्या एका बंगल्यात मातीचे डॉक्टर राहायला आले. मातीवर संशोधन करायला ते काही वर्षं जपानला होते. येताना त्यांनी बायको, माझ्याच वयाची मुलगी, तिकडचा टीव्ही, तिकडचा व्हिडिओ आणि खोकंभर कॅसेटी आणल्या. तिकडची वीज आपल्याहून मवाळ, म्हणून तो टीव्ही इथे चालवायला मध्ये एक लोखंडी ट्रान्सफॉर्मर लावावा लागायचा. तो सुरू झाला की घरघरायचा आणि तासाभरात असा तापायचा की कॉलनीतली मांजर येऊन त्याला पाठ लावून झोपायची.

कॅसेटींत कार्टून होती, सगळी मारामारीची. दर आठवड्याला तिकडे जो भाग लागायचा तो तिच्या आईने टीव्हीवरून भरून घेतलेला. आम्हाला कार्टून म्हणजे दहा मिनिटांत संपणारी गंमत माहीत. ही संपायचं नाव घेत नसत. एकेक मारामारी तीन-चार भाग चालायची, त्यात निम्मा वेळ दोघं एकमेकांकडे बघत उभे. बोलणं सगळं जपानी. मग ती मुलगी टीव्हीशेजारी उभी राहून वाक्यावाक्याचं मराठी करून सांगायची, आणि कॉलनीतली पोरं सतरंजीवर बसून टीव्हीकडे कमी आणि तिच्या तोंडाकडे जास्त बघायची. तिथपर्यंतही माझी काही तक्रार नव्हती. मीही त्याच पोरांत होते.

तक्रार सुरू झाली ती अण्णा तिथे आले त्या रविवारी.

अण्णा तरुणपणी पैलवान होते. गुडघा गेला तशी कुस्ती सुटली, पण आसपासच्या जत्रांत पंच म्हणून त्यांना मोठा मान होता. चैत्र-वैशाखात ते फेटा बांधून निघायचे आणि परत आल्यावर ओट्यावर बसून शेजारच्या बाप्यांना एकेक कुस्ती पुन्हा लढवून दाखवायचे. मी आत चुलीपाशी. पट कसा काढतात, खडाखडी, म्हणजे सुरुवातीची नुसती हातझटापट, कुठवर चालू द्यायची, हे सगळं मला भिंतीआडून कानांनी कळलेलं. मला समोर बसवून अण्णांनी आयुष्यात एकच गोष्ट सांगितली होती, की पोरींनी कुस्तीच्या फडात जायचं नसतं. मी त्यांची एकुलती एक मुलगी. त्यांना मुलगा हवा होता हे मला कुणी सांगायची गरज नव्हती, ते घरातल्या हवेतच होतं.

त्या रविवारी घरी पाहुणे आले म्हणून अण्णा मला बोलवायला बंगल्यावर आले. टीव्हीवर कपाळाला लाल पट्टी बांधलेला आमचा हिरो डोळे मिटून ताकद गोळा करत होता. अंगातून वाफा निघत होत्या, दगड उडत होते. समोरचा राक्षसासारखा गडी हाताची घडी घालून शांत उभा. अण्णा दारातच थबकले. थोडा वेळ बघून त्यांनी त्या मुलीला विचारलं, "ताई, ह्यो समोरचा थांबलाय कशाला? हानत का न्हाई?"

मला ते 'ए' म्हणायचे. फारच लाडात आले तर 'ए बाई'.

ती म्हणाली, "काका, तो थांबतोच. सगळ्या मालिकांत थांबतात."

"मंग ही नूरा कुस्ती हाय."

तिने टीव्ही बंद केला आणि विचारलं, नूरा म्हणजे काय. अण्णा उंबऱ्यावर टेकले आणि दोन पैलवान आधीच आपसांत ठरवून लोकांसमोर कसे खोटेखोटे लढतात, ते पंचाला कशावरून ओळखू येतं, हे तिला हातवारे करून सांगू लागले. ती मधूनमधून शंका विचारत होती. अण्णांना शंका आवडतात हे मला तेव्हा कळलं. घरी शंका विचारली की 'गप बस' असं उत्तर यायचं. मला न्यायला आलोय हे ते साफ विसरले. शेवटी आई आली आणि आम्हा दोघांना घेऊन गेली.

पुढच्या रविवारी तीनच्या सुमाराला अण्णा दाढी करून तयार. डॉक्टरसाहेबांच्या बायकोने खुर्ची ठेवली, ते उंबऱ्यावरच बसले. मग ते दर रविवारचंच झालं. खोक्यातल्या एकेका मालिकेचा अण्णांपुढे निकाल लागू लागला. लोखंडी माणसांची जी मालिका होती ती त्यांनी दोन रविवारांत निकालात काढली. आत बसून कळा दाबणाऱ्याला घाम येत नाही, मग ती कसली झुंज. लाल पट्टीवाल्याच्या मालिकेत मात्र ते गुंतले. तिची खोट त्यांना पहिल्यापासून दिसत होती. "जोड लावनारा अडानी हाय," ते म्हणायचे. "आज शंभर किलोचा पाडला, उद्या दोनशेचा आनला, परवा डोंगर आननार. वाढवून वाढवून किती वाढवशीला?" मेलेला माणूस चार भागांनी परत उठून आला तेव्हा तर ते चिडलेच. मरण कच्चं असेल तर भ्यायचं कशाला, असं त्यांचं म्हणणं. पण हिरो हरतो, लाजतो, डोंगरात जाऊन मेहनत करतो आणि पुन्हा त्याच माणसापुढे उभा राहतो, हे त्यांना पटायचं. त्याहून पटायचं ते हे, की ज्याला पाडलं तो पुढे त्याचाच दोस्त होतो. "तालमीत आसंच आसतं," ते तिला सांगायचे. "पाडल्यालं मानूस फुकट जात न्हाई."

ताई हे, ताई ते. घरी जेवतानाही तेच. ताई म्हणाली की आता नवीन गडी येणार. ताईला त्याचा डाव आधीच वळखू आला. माझ्या अंगाचा तिळपापड व्हायचा. पिकतं तिथं विकत नाही म्हणतात, पण इथे पिकलंय हेच कुणाच्या गावी नव्हतं. मला काय कळत नव्हतं? त्या मालिकेची सगळ्यात मोठी खोट तर मलाच दिसली होती. पहिल्या कॅसेटीत हिरोबरोबर चार सवंगडी असतात. सगळे लढतात, सगळे उपयोगी पडतात. जसजसे शत्रू वाढत जातात तसे ते चौघं मागे सरतात, आणि शेवटी नुसतं कडेला उभं राहून 'बापरे, किती ताकद ही' एवढंच बोलायचं काम त्यांच्याकडे उरतं. मला ते बघवत नसे. एका रविवारी मी हे मोठ्याने बोलून दाखवलं. अण्णा टीव्हीवरची नजर न काढता म्हणाले, "गप, ताई काय सांगती ते ऐकू दे."

चैत्रात आमच्या मूळ गावची जत्रा आली. अण्णा जेवता जेवता आईला म्हणाले, "औंदा ताईला खरी कुस्ती दावतो. सायेबांना इचारलंय."

मी म्हटलं, "मी पन येते."

"तू काय करनार तिथं? पोरींनी फडात यायचं नसतं."

"मंग ती पोरगी न्हाई का?"

"ती पाहुनी हाय," अण्णा म्हणाले, आणि त्यांच्या दृष्टीने विषय संपला.

ती हाफपँट घालून, आखूड केसांवर टोपी चढवून अण्णांचं बोट धरून फडात गेली. मी आईबरोबर देवळाच्या बाजूला, बांगड्यांच्या आणि गोडी शेवेच्या दुकानांपाशी. फड देवळाच्या मागे होता. मला फक्त हलगी ऐकू येत होती. ती चढली की कुणीतरी डाव टाकलाय, एकदम थांबली की कुणीतरी पडलंय, आणि मग लोकांची आरोळी. मी बांगड्या भरून घेतल्या नाहीत. आईने दोनदा विचारलं आणि नाद सोडला.

फडात काय झालं ते मला अण्णांकडूनच कळलं, आणि पुढे कितीतरी महिने कळतच राहिलं. आधी लहान पोरांच्या, रेवड्यांच्या बक्षिसावरच्या कुस्त्या असतात. जोडी लावणारा बुवा गर्दीतून सारख्या वयाची पोरं हेरतो आणि दोघांचे हात वर धरून फडात फिरवतो. त्याने टोपीवाल्या पाहुणीला मुलगाच समजून मनगट धरून उचलून आत नेलं, आणि दुसऱ्या हाताला एक गुबगुबीत पोरगं. अण्णा पंचाची जागा सोडून धावले. "आरं, पोरगी हाय ती, सोड." सगळा फड हसला. आणि ती मनगट सोडवून न घेता म्हणाली, "चालेल मला."

कुस्ती काही लागली नाही, पण "चालंल मला म्हनली," असं अण्णा ज्याला त्याला सांगायचे. "काळीज बघा पोरीचं."

माझ्या दोन वेण्या कमरेपर्यंत होत्या. मला कोण चुकून मुलगा समजणार? जत्रेहून आल्यावर मी आईला म्हटलं की माझे केस काप. आईने कारण विचारलं नाही, पाठीत एक धपाटा घातला आणि खोबरेल तेलाची बाटली घेऊन बसली.

पावसाळ्याच्या तोंडाला डॉक्टरांना पुण्यात नोकरी मिळाली आणि ते गेले. ट्रान्सफॉर्मर गोणपाटात गुंडाळून टेम्पोत चढला. मालिका अर्धीच राहिली. खोक्यातली शेवटची कॅसेटच तिथे संपत होती, जिथे लाल पट्टीवाला दरीत पडतो. तिकडे ती मालिका अजून चालूच होती, आणि पुढचं तिलाही ठाऊक नव्हतं. टेम्पो वळणाआड गेला तेव्हा मला इतका आनंद झाला की मी घरात येऊन उगाचच भांडी घासली.

रविवार आला. अण्णांनी दाढी केली, धुतलेला सदरा घातला आणि तीन वाजता ओट्यावर येऊन बसले. जायला जागा नव्हती. रस्त्याकडे तोंड करून ते तंबाखू मळत राहिले. मी दारात तांदूळ निवडत होते. बऱ्याच वेळाने, मागे न बघताच, त्यांनी विचारलं, "ए, त्या लाल पट्टीवाल्याचं फुडं काय झालं? ताई काय बोलली व्हती का जाताना?"

नाही म्हणता आलं असतं. पण मी म्हणाले, "व्हय. समदं सांगून गेली."

अण्णा वळले. ओट्यावर पुढेमागे सरकून ते नीट माझ्याकडे तोंड करून बसले, आणि मी सांगायला लागले. माझ्या गोष्टीत शत्रू थांबत नव्हता. मेलेला उठत नव्हता. कडेला उभं राहणारे चौघं दोर टाकून हिरोला दरीतून वर काढत होते. अण्णा शंका विचारायचे, मी उत्तरं द्यायची. एखादा डाव त्यांना पटला नाही तर आठवडाभर विचार करून मी तो पुढच्या रविवारी बदलायची आणि सांगायची की माझीच ऐकण्यात चूक झाली होती. दिवाळी गेली, थंडी गेली, रविवार चालूच राहिले. अण्णा आता माझी वाट बघत. मला दुसरं काही नको होतं.

जत्रांचा नवा हंगाम तोंडावर आला तेव्हा मी त्यांना एका पंचाची गोष्ट सांगितली. लाल पट्टीवाल्याची शेवटची लढत असते आणि त्या फडाचा पंच त्याचाच बाप असतो. घरचं माणूस लढत असेल तर खरा पंच निवाडा करत नाही, हे अण्णा स्वतः पाळायचे. म्हणून तो बाप आपला फेटा दुसऱ्याच्या हातात देतो आणि फडाबाहेर, देवळाच्या पलीकडे जाऊन बसतो. त्याला काही दिसत नाही. नुसती हलगी ऐकू येते. ती चढते, उतरते, आणि एकदम थांबते. आणि कोण पडलं हे कळायच्या आधी त्याला तेवढा एक क्षण काढावा लागतो.

अण्णांची तंबाखू तळहातावर तशीच. मग सदऱ्याच्या बाहीने डोळे पुसून ते आईला आत ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले, "काय डोकं हाय त्या ताईचं. आशी एक पोरगी आपल्या घरात पायजे हुती."

खरं काय ते ओठांवर आलं होतं. पण ते सांगितलं असतं तर गोष्ट तिथेच थांबली असती, आणि अण्णा पुन्हा रस्त्याकडे तोंड करून बसले असते.

"व्हय," मी म्हणाले. "लई हुशार हाय ती."