जनरल शिफ्टची मेहरबानी

"साहेब, कैलास मशीन सोडून गेटवर आलाय. गेटपास नाही. सोडू का?"

सिक्युरिटीचा फोन आला तेव्हा सकाळचे साडेदहा झाले होते. शेंद्र्याच्या एका कारखान्यात मी तेव्हा प्रॉडक्शन मॅनेजर होतो. गेटपास म्हणजे शिफ्ट चालू असताना बाहेर पडायची चिठ्ठी. तिच्यावर साहेबाची सही नसेल तर गेट उघडत नाही. मी तावातावानेच निघालो. कैलास माझा सगळ्यात भरवशाचा सेटर, म्हणजे मशीनला टूल बसवून माप जुळवून देणारा माणूस. तो हलला की चार मशीन थांबतात. त्यात आठच दिवसांपूर्वी मी त्याच्यावर उपकार केला होता.

"काय चाललंय, कैलास?"

"साहेब, आबा घरात नायत. शेजारच्या काकूचा फोन आला."

आबा म्हणजे त्याचे वडील. आई गेल्यावर म्हातारा विसरायला लागला, म्हणून कैलासने त्यांना पिशोरहून, त्यांच्या गावाहून, आपल्याकडे चिकलठाण्याला आणलं होतं. एवढं मला ठाऊक होतं. मी सही केली आणि माझीच गाडी काढली.

वाटेत विचारलं, "घरात कुणीच नव्हतं?"

"बाहेरून कुलूप व्हतं, साहेब."

आता माझा उपकार सांगतो. आमच्याकडे तीन शिफ्ट, दर आठवड्याला बदलणाऱ्या. जनरल शिफ्ट वेगळी, नऊ ते साडेपाच. तिच्यासाठी लोक वर्षानुवर्षं माझ्या केबिनबाहेर ताटकळायचे. कैलासने ती कधीच मागितली नव्हती. दोन लहान पोरं, म्हातारे वडील, त्यात रात्रपाळ्या! मला दया आली आणि मी आपणहून त्याला जनरल दिली. बोर्डावर त्याचं नाव लागलं त्या दिवशी मला स्वतःचंच फार कौतुक वाटलं.

मला माहीत नव्हतं ते हे. त्याची बायको ज्योती खाजगी हॉस्पिटलात नर्स. घरी फ्रिजवर दोन चार्ट चिकटवलेले, एक त्याच्या शिफ्टचा, एक तिच्या ड्युटीचा. तो सकाळी असेल तर ती नाइट मागून घ्यायची. तो नाइटला गेला की ती सकाळची. झोप कुणाचीच पुरी व्हायची नाही, पण आबांजवळ दोघांपैकी एक जण कायम असायचा. मी त्यातला एक चार्ट फाडून टाकला होता. या आठवड्यात ज्योतीला महिन्याआधीच लागलेली सकाळची ड्युटी, पोरं शाळेत, हा जनरलला. ज्योती अडीचला परतेपर्यंत आबा कुलपात. एक किल्ली काकूंकडे. आज आबांनी दार बडवलं, काकूंनी उघडलं, चहा ठेवायला त्या आपल्या घरात गेल्या, तेवढ्यात आबा पसार.

"अरे, मग मला 'नको' असं का म्हणाला नाहीस?"

"कसं म्हणू? लोकं हात जोडतेत त्या शिफ्टसाठी. साहेबानं आपणहून दिली, तर नाय म्हणायचं? ज्योती रोज म्हणायची, सांगा, सांगा. माझीच जीभ रेटली नाय."

विचारायला मला दोन मिनिटं लागली असती.

तेवढ्यात त्याचा फोन वाजला. करमाडचा एक चहावाला बोलत होता. आबांच्या टोपीच्या आत ज्योतीने मार्करने नंबर लिहून ठेवला होता, तो त्याने लावला. आबा जालन्याच्या एसटीत बसले होते आणि तिकीट मागितल्यावर 'पिशोर' म्हणाले होते. कंडक्टरने त्यांना करमाडला उतरवून चहावाल्याच्या हवाली केलं होतं. करमाड आमच्या कारखान्याच्या पुढे, जालन्याच्या रस्त्यावर; म्हणजे बस आमच्या गेटवरूनच गेली होती. मी गाडी उलटी फिरवली.

आबा बाकड्यावर बसून बशीतून चहा पीत होते. कैलासने खाली बसून त्यांचे पाय धरले. म्हाताऱ्याने त्याला नीट ओळखलं. रागावले नाहीत. त्याच्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "कैलास, गोठ्याला बी आपण कधी कुलूप लावलं नाय रे."

कैलास ढसाढसा रडला. मला फार लाज वाटली. ते कुलूप त्याने लावलं होतं, पण लावायला लावलं होतं मी.

दुसऱ्या दिवशी कैलासला परत तीन शिफ्टमध्ये टाकलं. एचआरवाले वैतागले. "आता काय शिफ्ट चार्ट हॉस्पिटलला विचारून लावायचा?"

"हो," मी म्हणालो.

तसंच सुरू झालं. महिनाअखेरीला ज्योतीच्या ड्युटीचा फोटो माझ्या मोबाइलवर यायचा आणि त्याप्रमाणे कैलासची शिफ्ट लागायची. मग बाकीच्यांनाही विचारलं. घरी असाच जुगाड करून जगणारे आणखी चौघे निघाले. त्यातल्या एकालाही मी मेहनती यापलीकडे ओळखत नव्हतो.

रिटायर होईपर्यंत मग एक सवय लागली. कुणाला काही द्यायचं असलं की आधी विचारायचं, "घरी कसं जमतं?" पहिलं उत्तर ठरलेलं असतं, "काय नाय साहेब, सगळं ठीक." त्यावर विश्वास ठेवायचा नाही. खुर्ची पुढे सरकवायची आणि परत विचारायचं.