एअरबॅगचं परसों

नांदेडच्या सर्व्हिस सेंटरमध्ये ते काउंटरवर बसतात. माझ्या गाडीत ड्रायव्हरशेजारच्या सीटची एअरबॅग सदोष आहे, फुकट बदलून घ्या, असा कंपनीचा मेसेज आला तेव्हापासूनची आमची ओळख. नाव विचारायचं राहूनच गेलं.

"पार्ट आला का?" म्हटलं की ते आधी चष्मा पुसतात, मग कॉम्प्युटरकडे असं बघतात की पार्ट आता तिथूनच बाहेर पडेल.

"येऊन राहिला, साहेब. परसों या."

परसों म्हणजे परवा, असं मी धरून चाललो होतो. त्यांच्या तोंडी तो उद्यानंतरचा कुठलाही दिवस असतो, हे कळेपर्यंत उन्हाळा सरला.

"तोवर गाडी चालवू ना?"

"बिनधास्त चालवा. काई होत न्हाई. तुम्ही लई घाबरता!"

काल निघताना ते फाटकाशी रिक्षाची वाट बघत उभे दिसले. दोघांनाही स्टेशनकडेच जायचं होतं. "चला, सोडतो," म्हणत मी शेजारचं दार उघडलं. त्यांनी ते अदबीनं लावलं, मागचं उघडलं आणि आत बसले.

"अहो, पुढे बसा की!"

आरशात चष्मा पुसताना दिसले. म्हणाले, "पुढं परसों बसतो, साहेब."