आधी लिहिलेला चोपन्नचा आकडा

म्हसावदला फवारणीचे बॅटरीपंप दुरुस्त करणारी कामिनी दहावी शिकली. पुढचं जळालेल्या बॅटऱ्या उघडून शिकली. कोणी 'हुशार पोरगी' म्हटलं की तिचं डोकं फिरतं. म्हणते, बाप्याला मिस्तरी म्हणता ना, मग मलाही म्हणा.

गेल्या भादव्यात कपाशी फवारताना जसोदाबाईची पाठ पंपाच्या बॅटरीने भाजली. मजुरीने फवारणाऱ्या तिच्या गटातल्या बारा बायकांचे पंप एकाच दुकानातले. सगळ्यांनी ते खाली ठेवले, रोजची मजुरी बुडायला लागली. दुकानदार नवनीतभाऊ बॅटरी बदलेना. मग जसोदाबाईचा पंप घेऊन कामिनी दुकानावर गेली. जसोदाबाईचा मुलगा म्हणून मी मागे होतोच.

"उन्हामा दगडबी तापस, ताई," तो म्हणाला.

"दगडले कोन चार्जिंग करस, नवनीतभाऊ?"

त्याने पंपातला बॅटरीचा डबा उघडला आणि आतून चिंध्या ओढून गिऱ्हाइकांना दाखवल्या. चालताना बॅटरी खडखडू नये म्हणून बायका लुगड्याच्या चिंध्या कोंबतात; उष्णता आतच कोंडते. खरं सांगतो, भांडायला गेलेल्या मलाही त्याचंच पटलं. कामिनीने चूक कबूल केली. म्हणाली, चिंध्या नकोत, ऊनही नको, सावलीत बघू.

तिने पंप क्षणभर सुरू करून बंद केला; तेवढ्यात मीटरवर बॅटरी अडीच व्होल्ट खाली आली. चांगली बॅटरी अर्धाही पडत नाही. अडीचला पंप ओढतो त्या चार अँपिअरने तिने गुणलं, दहा वॅट झाले. एवढी वीज पंपाला न जाता बॅटरीच्या पोटातच उष्णता होते. बॅटरीचं वजन आठशे ग्रॅम. अर्ध्या तासात अठरा हजार ज्यूल, आणि एक ग्रॅम एक अंश तापायला साधारण एक ज्यूल लागतो; म्हणजे बावीस अंश चढेल, थोडी उष्णता हवा ओढून घेईल, म्हणून वीस धरले. सावलीत चौतीस होतं, म्हणजे चोपन्न.

"मन्हा आकडा पयले लिख," ती म्हणाली, "मंग खटका दाब."

त्याने बिलामागे ५४ लिहिलं. पंप अर्धा तास चालवला. मीटरवर बॅटरीचं तापमान त्रेपन्नवर पोचलं.

तो म्हणाला, ही एक बदलतो. ती म्हणाली, बाकीच्या अकराही मोजू. आणखी सात तशाच निघाल्या, चार चांगल्या. त्या चारातली एक तिच्या काकूची, रंजनाबाईची. काकू हळूच म्हणाली, माझीही खराब लिही, नवी मिळेल.

"तुन्हा एक आकडा खोटा लिखा," कामिनी सगळ्यांदेखत म्हणाली, "ते आठ जनीसना खरा कोन मानस?"

आठ बॅटऱ्या बदलून मिळाल्या. रंजनाबाई दोन दिवस कामिनीशी बोलली नाही. तिसऱ्या दिवशी ब्राह्मणपुरीच्या शेतात बारा पंप सुरू होते, जुन्याच बॅटरीवरचा तिचाही.