रमण्याच्या बाजूनं

मराठवाडा मुंबई राज्यात गेला, त्याच्या दुसऱ्या वर्षी माझी बदली मुरुमपासून दीड कोसावरच्या एका गावी झाली. मी तुळजापूरचा, पुजाऱ्यांच्या घरातला. वय चोवीस, लग्न झालेलं नव्हतं. शाळा चौथीपर्यंत, शिक्षक दोन. दुसरे शिक्षक वयस्कर, सगळं शिक्षण उर्दूत झालेले. मराठी लिहिताना त्यांचा हात अडखळायचा. त्यामुळं शाळेचे कागद आणि हळूहळू ग्रामपंचायतीचे ठरावही माझ्याकडं आले. राहायला सरपंचांच्या घराला लागून एक खोली मिळाली. भाड्याचं नाव काढलं की सरपंच हसून विषय बदलत.

गावाच्या वरच्या अंगाला रमणा होता. निजामाच्या काळात एका जहागीरदारानं शिकारीसाठी राखलेलं ते रान. पोलीस अ‍ॅक्शननंतर जहागीरदार हैदराबादला निघून गेला, रान सरकारजमा झालं आणि देखभालीला पंचायतीकडं आलं. कडुनिंब, हिवर, आपटा, पळस, आणि झाडांच्या मधे कमरेइतकं पवन्या गवत. त्यात काळविटांचा एक कळप असायचा. तुळजापूरच्या घाटातली झाडी मी लहानपणापासून पाहिलेली, पण असं सपाट, वाऱ्याबरोबर सगळं एका बाजूला झुकणारं गवत कधी पाहिलं नव्हतं. शनिवारी मी मुलांना तिथं घेऊन जायचो. झाडांची नावं मुलंच मला सांगत. कळप दिसला की सगळ्यांना खाली बसवायचो. नर काळवीट मान वर करून आमच्याकडं बघायचा आणि मुलं श्वास धरून बसायची.

गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याच्या काठावर महारवाडा होता. सरकारी कागदात हरिजनवाडा लिहीत. तिथल्या लोकांनी नुकताच धर्म बदलला होता. मेलेली जनावरं ओढणं बंद केलं होतं. त्याचा राग गावात होता, पण कुणी उघड बोलत नसे. सुगीला त्यांना कामावर बोलावणं तेवढं कमी झालं. दर पावसाळ्यात ओढ्याचं पाणी त्यांच्या घरांत शिरायचं. भिंती पांढऱ्या मातीच्या. पाणी ओसरलं की बायका त्याच भिंती पुन्हा लिंपायच्या.

मला तिथं दोन वर्षं झाली असतील, तेव्हा तालुक्याहून योजना आली. पाणी शिरणाऱ्या वस्त्या उंचावर हलवायच्या, घरांना जागा सरकार देणार. उमरग्याहून एक साहेब आले, गावभर फिरले आणि रमण्याचा गावाकडचा कोपरा त्यांनी पसंत केला. जमीन उंच होती, विहीर जवळ होती. आठवड्याभरानं सभा ठरली.

सभेच्या आदल्या संध्याकाळी सरपंच माझ्या खोलीवर आले. खाटेवर बसले आणि म्हणाले, "गुरुजी, रमणा जातोय बघा."

"सगळा कुठं? एक कोपरा."

"आज कोपरा, उद्या सगळा. तुमचा त्या रानावर लई जीव हाय. सभेत तुमी बोला. आमी बोललो तर साहेब भलतंच समजंल."

"भलतंच म्हणजे काय?"

ते हसले. "तुमाला समजत न्हाय व्हय, गुरुजी?"

मला समजलं होतं. धर्म बदललेली माणसं गावाच्या वर, आपल्या विहिरीशेजारी राहायला यायला नकोत, एवढंच त्यांचं म्हणणं होतं. गावातल्या कुणी रमण्यातल्या एका झाडाबद्दलही कधी हळहळ दाखवल्याचं मला आठवत नव्हतं. पण मला बोलायला कुणी तरी सांगितलं, याचा आनंद झाला होता हे खरं. आणि रमणा वाचावा असं मला मनापासून वाटत होतं. या दोन गोष्टींच्या आडोशाला तिसरी मी बघितली नाही.

सभा चावडीपुढं भरली. गाव पारावर आणि ओट्यांवर, खालच्या वस्तीतली माणसं समोर रस्त्यावर बसलेली. त्यांच्या बाजूनं एक गवंडी बोलला. तिशीचा असेल. सोलापूरच्या गिरणीत चार वर्षं काढून तो परत आला होता आणि आता आसपासच्या गावांत घरं बांधायचा. त्याची मुलगी माझ्या वर्गात होती. त्यानं आदल्या दिवशी जाऊन तो कोपरा पावलांनी मोजला होता.

"आमच्या घरांसाठी पाच झाडं पडतील," तो म्हणाला. "तीन हिवर, दोन निंब. बाकी झाडांच्या मधी घरं बसवता येतात. कशी, ते मी दावतो. गवताला आमी हात लावणार न्हाय, लिहून देतो."

मग मी उठलो. चांगलं बोललो. गवतामुळं पाणी जमिनीत मुरतं आणि विहिरी टिकतात, हे सांगितलं. काळविटं माणसाच्या वस्तीजवळ राहत नाहीत, हे सांगितलं. घरं कुठंही बांधता येतील, पण हे रान मोडलं तर सात जन्मांत परत उभं राहणार नाही, असं म्हणालो. साहेब कान देऊन ऐकत होते, मधेमधे वहीत लिहीत होते. ओट्यावरची माणसं माना डोलावत होती. यातल्या कित्येकांची गुरं रोज रमण्यात चरत होती.

गवंड्याची आई पदर सावरत उभी राहिली. ती गावात बाळंतपणं करायची. ओट्यावर बसलेल्यांपैकी कित्येकांची नाळ तिनं कापलेली होती.

"गुरुजी, तुमचं समदं खरं असंल," ती म्हणाली. "पाणी आलं तर आमी कुठं जावं, तेवढं सांगा."

मी म्हणालो, "दुसरी चांगली जागा बघता येईल. सरपंच बघतीलच."

"बगू की," सरपंच म्हणाले.

ती खाली बसली. पंचायतीनं महिन्याभरात दुसरी जागा सुचवावी, असं सांगून साहेब जीपमधून निघून गेले. ती जागा कधीच सुचवली गेली नाही.

त्याच आठवड्यात ठराव झाला. तो मी लिहिला. रमण्यात कसलंही बांधकाम होऊ नये, आणि सरपंचांच्या लेखी परवानगीशिवाय ओलं वा सुकं लाकूड कुणी तोडू नये. सरपंचांनी फक्त बांधकामाचं सांगितलं होतं. लाकडाचं कलम माझं. त्यातला 'सुकं' हा शब्दही माझाच. सुक्याच्या नावाखाली लोक ओल्या फांद्या मोडतात, असं माझं निरीक्षण होतं.

पुढच्या वर्षी भादव्याच्या शेवटी तीन दिवस पाऊस लागून राहिला. तिसऱ्या दिवशी मुरुमचा बाजार होता आणि सरपंच तिकडं गेलेले. दुपारी ओढा एकदम फुगला. खालच्या वस्तीतली माणसं गुरं, म्हातारी माणसं घेऊन शाळेच्या ओसरीवर आली. मुलं वर्गात होती. त्यांचं लक्ष बाहेर जाऊ नये म्हणून मी त्यांना पाढे लिहायला बसवलं होतं. गवंड्याची बायको सगळ्यांबरोबर वर आली होती. ज्वारीचं गाडगं राहिलं म्हणून ती परत गेली. सासू नको म्हणत होती. ती आत असताना भिंत बसली.

तिला बाहेर काढेपर्यंत अंधार पडत आला होता. तिची मुलगी तोवर माझ्या वर्गात पाटी मांडीवर घेऊन बसून होती. तिला सांगायला कुणी येत नव्हतं आणि मीही सांगितलं नाही. शेवटी आजी आली आणि तिला हाताला धरून घेऊन गेली.

सकाळी पाऊस थांबला. गवंडी माझ्या खोलीच्या दारात आला. अंगावर चिखल तसाच होता.

"गुरुजी, रमण्यात एक वठलेला निंब हाय. आतून कोरडा असंल. तेवढा तोडू द्या. गावात कुटं कोरडं लाकूड न्हाय."

धर्म बदलल्यापासून ते मयत जाळू लागले होते. कोतवालानं त्याला रमण्याच्या वाटेवरून परत फिरवलं होतं, गुरुजींचा कागद आहे म्हणून.

मी म्हणालो, "सरपंचांची लेखी परवानगी लागते. ते पुराच्या पलीकडं अडकलेत. पाणी उतरलं की येतील."

"कवा उतरंल?"

"दुपारपर्यंत उतरेल."

त्यानं तोंडावरचा चिखल पुसला. मग शांतपणे म्हणाला, "कागद तुमीच लिहिलाय. तुमीच फाडा."

"ते माझ्या हातात नाही," मी म्हणालो.

तो गेला. सरपंच संध्याकाळी आले. त्याआधीच वस्तीतल्या माणसांनी तिला ओढ्याच्या वरच्या टेकाडावर पुरलं होतं. माझ्या खोलीत खाटेखाली माझं सरपण होतं, कोरडं. तेवढ्यानं भागलं नसतं, पण ते द्यावं हे मला सुचलंसुद्धा नाही. दोन दिवसांनी भात शिजवताना सुचलं.

महिन्याभरानं गवंड्याची आई शाळेत आली. बाहेरच उभी राहिली. नातीचा दाखला हवा होता. तिघं सोलापूरला जाणार होती, गिरणीत ओळख होती. मी वही काढली, आणि शाळा सोडण्याचं कारण काय लिहू, असं विचारलं.

"राहाया जागा न्हाय म्हणून लिवा," ती म्हणाली.

मी 'स्थलांतर' लिहिलं. तिनं विचारलं, काय लिहिलं. मी म्हणालो, "दुसऱ्या गावी जाणार, असं."

तिनं दाखल्याची घडी करून कमरेला खोचली. मग म्हणाली, "सून तुमचं नाव काढायची. गुरुजींनी पोरीला हरणं दावली म्हणायची. पोरगी घरी येऊन तशी मान वर करून दावायची, आन् सून हसायची." ती हे मला टोचायला बोलली नव्हती. एक आठवण सांगत होती. मुलगी शाळेच्या दारापाशी उभी होती. तिनं जाताना मागं वळून बघितलं नाही.

त्यानंतर दोन वर्षांनी पंचायतीपुढं रमण्याचा विषय आला. पडीक रान शेतीला द्यावं, झाडांचा लिलाव करावा. जमीन कुणाकुणाला जाणार, हे आधीच ठरलेलं होतं. सगळी सरपंचांच्या भावकीतली माणसं. मी सरपंचांना जुन्या ठरावाची आठवण करून दिली. त्यांना राग आला नाही. समजूत घातल्यासारखं म्हणाले, "गुरुजी, तवाचं कारण येगळं हुतं. ते लोक आता कुठं मागत्यात? ती गोष्ट मिटली."

नवा ठरावही मीच लिहिला. नाही म्हणता आलं असतं. फार तर खोली सोडावी लागली असती. लाकूडतोडे मुरुमहून आले आणि तीन आठवडे मुक्काम करून होते. वर्गात कुऱ्हाडींचा आवाज येई. मुलं विचारत, शनिवारी रमण्यात पुन्हा कधी जायचं. गवत पेटवून दिलं, मग नांगर घातला. काळविटं काही दिवस ज्वारीत दिसली. लोकांनी फासे लावले. एकदा सरपंचांच्या घरून माझ्यासाठी वाटीभर मटण आलं. मी खात नाही हे त्यांना माहीत होतं, पण ते कशाचं आहे, हे घेऊन येणाऱ्यानं मला मुद्दाम सांगितलं.

मी बदली मागून घेतली. बेंबळीला आलो, तिथंच लग्न झालं, तिथंच बरीच वर्षं गेली. खालच्या वस्तीला फार उशिरा जागा मिळाली असं कळलं, मुरुमच्या वाटेवरच्या खडकाळ माळावर, जिथं विहिरीला पाणी लागत नाही. ज्या वर्षी मिळाली त्या वर्षी अर्धी घरं गाव सोडून गेलेली होती. बेंबळीत शिक्षकांमध्ये कधी झाडांचा विषय निघाला, तर लोक मला बोलायला सांगत. मला माहिती आहे, हे त्यांना ठाऊक होतं. मी टाळायचो. त्या सभेत मी एकही वाक्य खोटं बोललो नव्हतो, या समाधानावर काही वर्षं निघाली. पुढं ते पुरेनासं झालं.

सोलापूरला माझं जाणं-येणं नंतर वाढलं. थोरली मुलगी तिथंच दिली. गिरणीच्या चाळी तिच्या घरापासून चालत जाण्याइतक्या जवळ होत्या. चौकशी केली असती तर कुणी ना कुणी सांगितलं असतं. मी एकदाही गेलो नाही.