मुन्नीचा धर्म

"मॅडम, त्या मुलीचा धर्म आज संध्याकाळपर्यंत पाहिजे."

जिल्ह्याच्या ऑफिसातून साहेबांचा फोन होता. मी गच्चीवर उभी राहून मुलींच्या गाद्या उन्हात टाकून घेत होते.

"सर, तिला अजून स्वतःचं नाव सांगता येत नाही. धर्म कुठून सांगणार?"

"तिला कुठे विचारायला सांगतोय? तुम्हीच भरा. पोर्टल पुढे सरकत नाही."

चिखलीतल्या मुलींच्या एका बालगृहाची मी तेव्हा अधीक्षिका होते. ज्यांना घर नाही, किंवा घर आहे पण सध्या तिथे राहता येत नाही, अशा मुली आमच्याकडे असत. अधीक्षिका म्हणजे मुलींच्या भाषेत 'मोठ्या मॅडम'. कायद्याच्या भाषेत, ताब्यातल्या प्रत्येक मुलीची तात्पुरती पालक. या 'तात्पुरती' शब्दाला फार वजन आहे. ते मला या मुलीने शिकवलं.

आमच्या जिल्ह्यात दर्ग्याची एक मोठी यात्रा भरते. दर्ग्याची असली तरी तिथे सगळेच जातात. घरात कोणाचं डोकं ठिकाणावर नसलं, औषधाने गुण येत नसला, की माणसं गाड्या करून येतात. त्या यात्रेहून परतलेली एसटी चिखलीच्या स्टँडवर रिकामी झाली, तेव्हा मागच्या सीटवर ही झोपलेली सापडली. चार-पाच वर्षांची. अंगात पिवळा फ्रॉक, गळ्यात काळ्या दोऱ्यात ओवलेला तांब्याचा ताईत. कंडक्टरने पोलिसांकडे दिली, पोलिसांनी आमच्याकडे आणली.

ती बोलत नव्हती. रडतही नव्हती, याचीच मला जास्त काळजी वाटली. नाव विचारलं की खाली बघायची. आमच्या मुलींनी दुसऱ्याच दिवशी तिला मुन्नी म्हणायला सुरुवात केली. मला ते बरं वाटलं. मुन्नी कोणाच्याही घरात असते.

मूल आलं की आधी त्याला बाल कल्याण समितीपुढे उभं करायचं. ही समिती म्हणजे मुलांसाठीचं छोटं कोर्टच. घरचे सापडेपर्यंत मुलीला आमच्याकडे ठेवा, असा आदेश समितीने दिला. मग मी सरकारी पोर्टलवर तिची माहिती भरायला बसले. उंची, वजन, खुणा, सगळं भरलं. धर्माच्या रकान्यात 'माहीत नाही' असा पर्यायच नव्हता. मी तो रिकामा सोडला. तेवढ्यावरच हे प्रकरण मिटलं असतं.

पण मुन्नी नकला फार चांगल्या करायची. संध्याकाळी स्वयंपाकाच्या कमलबाई देवापुढे दिवा लावत. मुन्नी त्यांच्याशेजारी हात जोडून उभी. काळजीवाहक शाहीनबी दुपारी कोपऱ्यात नमाज पढत. मुन्नी त्यांच्या मागे वाकलेली. मोठ्या मुलींपैकी काही जणी बुद्धवंदना म्हणत, तर ही त्यांच्यात पाय दुमडून बसलेली, डोळे मिटून, मधूनच एक उघडून बघत. त्या वयाचं मूल ज्याच्या मांडीवर बसेल त्याचा धर्म पाळतं. मी तिला अडवलं नाही. 'हिला काही शिकवायचं नाही' एवढंच कमलबाई आणि शाहीनबींना सांगून ठेवलं होतं.

एक दिवस एक कुटुंब मुलाचा वाढदिवस करायला आमच्याकडे आलं. लोक येतात, मुलींना गोड जेवण देतात. मुलींचे फोटो काढायला कायद्याने बंदी आहे, तसा बोर्डही दारातच आहे. तरी कोणीतरी मोबाईलवर व्हिडिओ काढला आणि कमलबाईंच्या दिव्यापुढे हात जोडलेली मुन्नी, गळ्यातल्या ताइतासकट, गावभर फिरली. खाली ओळ होती: 'दर्ग्यात हरवलेल्या मुलीवर कोणते संस्कार?'

व्हिडिओ काढून टाकायला लावेपर्यंत व्हायचं ते झालं होतं. साहेबांचा फोन आला तो यानंतर.

"सर, मी काहीही भरलं तरी ते खोटं होईल."

"मॅडम, मला वरून विचारतायत. एक काहीतरी लिहा म्हणजे वाद संपेल."

"एक लिहिलं की वाद सुरू होईल, सर."

साहेब वाईट माणूस नव्हते. ते फक्त उसासा सोडून म्हणाले, "रकाना राहू द्या सध्या. पण निदान गावातल्या लोकांना तरी भेटून घ्या."

भेटायला जावं लागलंच नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दोघे जण माझ्या ऑफिसात आले. एक रमेशभाऊ, आमच्या वॉर्डातले पुढारी. दुसरे हाजीसाहेब, कापडाचे व्यापारी. वेगवेगळे आले आणि एकाच बाकावर बसावं लागलं. दोघांच्याही हातात पिशवी होती. दोघांच्याही पिशवीत मुन्नीसाठी फ्रॉक होता.

"मॅडम, पोरगी आपली दिसून राह्यली," रमेशभाऊ म्हणाले. "हात कसे जोडते पाहा न. घरचं वळन असल्याबिगर येते का असं?"

"गले में तावीज है," हाजीसाहेब हळू आवाजात म्हणाले. "उसका क्या?"

"तावीज तं माह्या भाच्याच्याही गळ्यात हाय, हाजीसाहेब."

"तो फिर हाथ तो कोई भी जोड़ेगा, रमेशभाऊ."

मी चहा सांगितला.

"तुम्ही तिले मंदिरात नेता का?" रमेशभाऊंनी विचारलं.

"नाही."

"मदरसे में?" हाजीसाहेबांनी विचारलं.

"नाही."

"मंग शिकवता काय?"

"सध्या दात घासायला. ते जमलं की केस विंचरायला."

दोघेही हसले नाहीत. हाजीसाहेब म्हणाले, "बेटी, समझो अगर हमारी निकली, और इतने दिन... उसकी माँ क्या बोलेगी?" रमेशभाऊंनी नेमकी तीच काळजी त्यांच्या बाजूने सांगितली. मला दिसत होतं की दोघांनाही खरोखर वाईट वाटतंय. भांडायला आलेल्या माणसाला परत पाठवणं सोपं असतं. काळजीने आलेल्याला काय सांगायचं?

मी म्हटलं, "तुमचं सामान कोणी माझ्याकडे ठेवून गेलं, तर मी त्याला रंग देईन का? जसं आलं तसं परत द्यायचं. ही पोरगी कोणाची तरी आहे. तिच्या गळ्यातलं मी काढणार नाही, आणि गळ्यात नवीन काही घालणारही नाही. मी आई नाही तिची. सरकार तर कोणाची आई नाहीच नाही."

चहा पिऊन दोघे गेले. फ्रॉक मी ठेवून घेतले. आमच्याकडे कपडे सगळ्या मुलींत वाटले जातात, तेही सांगितलं. दोघांचेही चेहरे जरा उतरले.

त्या आठवड्यात मी उंद्रीला आईकडे गेले. आम्ही बौद्ध. आईने सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "एवढं भांडून राह्यले तं आपलंच शिकव न तिले. पंचशील शिकव. त्यात काय वाईट हाय?"

"वाईट काही नाही, आई. पण मी कोण शिकवणारी?"

"तू अधीक्षिका नाई का?"

"म्हणूनच."

आईला ते पटलं नाही. खरं सांगायचं तर तिला उत्तर देताना मलाही जड गेलं. आपलं आहे ते चांगलं आहे असं वाटत असताना ते न देणं, हे परक्याचं अडवण्यापेक्षा कठीण असतं.

मग मुन्नीला ताप आला. साधा नव्हता, टायफॉईड निघाला. सरकारी दवाखान्यात भरती केली. कमलबाई आणि शाहीनबी पाळी लावून तिच्याजवळ बसू लागल्या, आणि पाळी नसली तरी बसू लागल्या. एका दुपारी मी गेले तर दोघी व्हरांड्यात माझी वाट बघत उभ्या.

"मॅडम, पोरीले नजर लागली," कमलबाई म्हणाल्या. "त्या व्हिडिओनं लागली. मीठ-मिरच्या उतरवू द्या मले. एकडाव."

"मी मशिदीतून दुआ फुंकलेलं, दम केलेलं पानी आनली," शाहीनबी म्हणाल्या. बाटली पदराखाली होती. "दोन घोट. मॅडम, जीव राहत नाही हो माझा."

दोघींचे डोळे सुजलेले. नियम सांगायची ती वेळ नव्हती, पण नियम तिथेच होता.

मी त्यांच्याजवळ बाकावर बसले. म्हटलं, "पाणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय द्यायचं नाही. मिरच्यांचा धूर वॉर्डात चालणार नाही. पण कमलबाई, तुमच्या देवाला तुम्ही काय सांगायचं, हे मी कोण ठरवणारी? शाहीनबी, तुम्ही दुआ मागा. पोरीसाठी मागा. फक्त पोरीच्या अंगावर काही करू नका. ती बरी झाली की तिची ती ठरवेल."

कमलबाई जराशा रागावल्या. मग बाकावरच डोळे मिटून बसल्या. शाहीनबींनी ओंजळ पुढे धरली. मी मध्ये बसले होते. मी उठून आत गेले आणि मुन्नीचे पाय चेपत बसले.

डॉक्टरांनी ताइताचा दोरा घट्ट झाला आहे म्हणून कापायला कात्री काढली. मी म्हटलं, "कापू नका, सैल करा." त्यांनी माझ्याकडे विचित्र नजरेने पाहिलं, पण गाठ सोडून सैल बांधून दिली.

ताप उतरला आणि मुन्नी बोलायला लागली. डॉक्टर म्हणाले, ताप आणि बोलणं यांचा संबंध नाही. नसेलही. ती आल्यापासून जेवताना पोळीचा पहिला तुकडा बाजूला काढून ठेवत असे. कमलबाई म्हणत, हा देवाचा घास. शाहीनबी म्हणत, हिच्या घरी फकिराचा वाटा काढत असतील. दवाखान्यातून परत आल्यावर कमलबाईंनी तिला मांडीवर घेऊन विचारलं, "काऊन वं माय, हा तुकडा कोनासाठी ठेवू राह्यली?"

"चांदीले," मुन्नी म्हणाली.

स्वयंपाकघरात सगळ्या थांबल्या.

"चांदी म्हंजे चंडी! देवी हाय ते," कमलबाई म्हणाल्या.

"कोणती देवी? चांदनी, बहीण असेल तिची," शाहीनबी म्हणाल्या.

मी तो शब्द पोलिसांना कळवला. पोलिसांकडे हरवलेल्या मुलींच्या तक्रारी होत्या. त्यातली एक सोनाळ्याची, पण घरच्यांनी दिलेला फोटो मुलगी तान्ही असतानाचा होता. त्यावरून ओळख पटणं शक्यच नव्हतं. आता हवालदाराने एकेका घरी फोन लावून विचारलं, तुमच्याकडे चांदी कोण आहे? सोनाळ्याचा एक म्हातारा फोनवरच रडायला लागला. चांदी त्यांची बकरी होती. पोरगी रोज पोळीचा पहिला तुकडा तिला द्यायची.

आजोबा दुसऱ्या दिवशी आले. सोबत मुलीची आई. ती दारात उभी राहिली आणि पुढे येईना. तिची तब्येत बरी नसते, आजोबांनी सांगितलं. मन थाऱ्यावर राहत नाही. तिलाच यात्रेला नेलं होतं. गर्दीत ती एकीकडे गेली, तिला शोधता शोधता पोरगी हातातून सुटली. मुन्नी आईला बघून पळाली नाही. हळूहळू चालत गेली, तिच्या पदराचं टोक धरलं आणि तिथेच उभी राहिली. आई तिच्या केसांवरून हात फिरवत राहिली.

ओळख पटवायचं काम माझ्या टेबलावर झालं. कागद बघताना मला कळलं. ते बौद्ध होते. आजोबांना माझं आडनाव दारावरच्या पाटीवर दिसलं होतं, मीही त्यांच्यातलीच हे कळलं होतं. त्यांनी मान खाली घातली.

"मॅडम, आपन असं काही मानत नाई," ते म्हणाले. "ना गंडा, ना ताईत. पन लेकीचं दुखनं पाहवत नाई. दवाखाने करून झाले. कोनी म्हनलं, तिकडं न्या. नेलं. पोरीच्याही गळ्यात बांधला कोनं तरी." त्यांनी मुन्नीच्या गळ्याकडे हात नेला. "काढून टाकतो आत्ताच."

"इथे नको, बाबा," मी म्हटलं. "घरी न्या. घरी तुम्ही आणि तिची आई काय ते ठरवा."

मग त्यांनी हात मागे घेतला.

समितीचा आदेश झाला. मूल घरी सोपवण्याला आमच्या कामात रिस्टोरेशन म्हणतात. आईच्या आजाराचा विचार करून समितीने ताबा आजोबांकडे दिला, आणि आईला जिल्ह्याच्या दवाखान्यात मनाच्या डॉक्टरांकडे दाखवायची सोय लावून दिली. मुलगी घरी कशी आहे याचा दर महिन्याला रिपोर्ट मागवायचं ठरलं. जीप रमेशभाऊंनी दिली. हाजीसाहेबांनी आईसाठी लुगडं पाठवलं. मुन्नी आईच्या मांडीवर बसली आणि तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही. आमच्या कामात याहून चांगला रिझल्ट नसतो. हे मी शाहीनबींना समजावून सांगत होते तेव्हा कमलबाई चुलीकडे तोंड करून रडत होत्या.

मी माझ्या आईला फोन केला. ती खूश झाली. "म्या सांगतलं होतं तुले! आपलीच निंघाली."

"हो आई. पण तुला माहीत नव्हतं."

"तरी बरोबर निंघालं न?"

"निघालं. नसतं निघालं तर?"

"जेवली का तू?" आईने विचारलं.

संध्याकाळी रमेशभाऊंचा फोन आला. "मॅडम, शेवटी कोनाची निंघाली?" मी म्हटलं, "तिच्या आईची." थोड्या वेळाने हाजीसाहेब दारात आले. त्यांनीही तेच विचारलं, मी तेच उत्तर दिलं. दोघांनाही ते पुरलं नाही, पण दोघांनीही पुन्हा विचारलं नाही.

मी निवृत्त झाले तेव्हा समारंभात लोकांनी माझ्या कामांची यादी वाचली. नवीन इमारत, सोलर, ग्रंथालय. मुन्नीचं नाव त्यात नव्हतं, आणि असणारही कसं? तिच्यासाठी मी केलं ते एवढंच, की काही केलं नाही. सरकारी नोकरीत काही न करणाऱ्यांना लोक नावं ठेवतात. ठेवोत. पण कधीकधी काही न करायलाच दिवसभर राबावं लागतं.