डोक्यावरची गिरकी

शेजारच्या पार्किंगमध्ये ती पाय वर करून तडफडताना दिसली. मला वाटलं, फिट आली. मी पायातली चप्पल काढून तिच्या नाकाला लावायला धावलो.

"काका, चप्पल बाजूला घ्या की, डान्स हाय ह्यो!" डोकं फरशीवर तसंच ठेवून ती ओरडली.

शेजाऱ्यांची ही लेक जर्मनीत शिकते. तिथल्या ब्रेकडान्सवाल्या पोरांनी सांगितलंय, डोक्यावर अख्खी गिरकी जमली तरच ग्रुपमध्ये घेऊ. सुट्टी संपत आली, तरी ती अर्ध्यातच पडते. टाळू चोळते, "आता बघा" म्हणते आणि पुन्हा उलटी होते.

घरी सांगितलं तर बायको हसली नाही. माळ्यावरून कापडाची जुनी चुंबळ काढून म्हणाली, "हिच्यावर मी भरल्या घागरी आणल्यात. तिला म्हणावं, डोस्क्याखाली घे आणि फिर."